कालवांची पहिली शिदोरी

कालवांची शेती खाडीत होत असली, तरी तिचे भवितव्य अनेकदा त्याआधीच, बीजोत्पादन केंद्रातील टाक्यांमध्ये ठरते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कालवांच्या डिंभकांना कोणते सूक्ष्मशैवाल मिळाले, यावर पुढील पीक अवलंबून असते.

पॅसिफिक कालवाच्या अंड्याचे फलन झाल्यानंतर सुमारे २४ तासांत डिंभकाभोवती इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे कवच तयार होते. तोवर अंड्यातील स्निग्धांश पुरतो. त्यानंतर मात्र अन्न बाहेरून मिळवावे लागते. डिंभकाचे तोंड इतके लहान असते, की जेमतेम काही मायक्रॉन आकाराचे कणच त्यातून आत जातात.

पाणी हिरवे दिसले म्हणजे खाद्य मुबलक आहे, हा समज येथे फसवा ठरतो. क्लोरेलाची पेशीभित्तिका जाड असल्याने कोवळ्या डिंभकांना ते पचत नाही. डुनालिएला पचते, पण त्यात डीएचए आणि ईपीए ही मेदाम्ले नसतात. केवळ त्यावर पोसलेले डिंभक खुरटतात. पेशींच्या आवरणासाठी आवश्यक असलेली ही मेदाम्ले कालवांना स्वतः पुरेशी तयार करता येत नाहीत. त्यामुळे डीएचए देणारे आयसोक्रायसिस आणि ईपीए देणारे किटोसेरॉस यांचे मिश्रण दिले जाते.

खरी कसोटी लागते ती रूपांतराच्या वेळी. डिंभक सुमारे ३०० मायक्रॉनचा झाला, की तो टणक पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. पोहण्याचा आणि अन्न गोळा करण्याचा अवयव गळून पडतो, नवे कल्ले कामाला लागेपर्यंत उपवास घडतो. या काळात साठवलेली चरबी हाच आधार! ती अपुरी असेल, तर वरकरणी धडधाकट दिसणारे डिंभकही मोठ्या संख्येने मरतात.

आयसोक्रायसिसचा शोध आयल ऑफ मॅनवरील पोर्ट एरिन येथील मेरी पार्क यांचा. त्यावर कालवांचे डिंभक वाढविल्याचा अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९८१ मध्ये मोती कालवांचे बीज तयार केले, तेही याच शैवालावर.

मात्र मूळचे हे शैवाल थंड प्रदेशातले. उष्ण पाण्यात ते तग धरत नाही. म्हणूनच उष्ण कटिबंधातील अनेक केंद्रांनी ताहिती बेटावरून आलेला, उष्णता सोसणारा प्रकार जवळ केला. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला टायसोक्रायसिस असे स्वतंत्र नाव दिले.