पायाखालचा पास्कल

एक लहान दट्ट्या, एक मोठा दट्ट्या, त्यांना जोडणारी नळी आणि मध्ये द्रव! पास्कलच्या नियमाची ही आकृती तुम्ही वहीत काढलेली असेल. विद्यार्थी मित्रांनो, हीच आकृती प्रत्येक मोटारीत बसवलेली असते. तिच्यातला लहान दट्ट्या ज्या नळकांड्यात सरकतो, ते म्हणजे ब्रेकचे मास्टर सिलिंडर.

पूर्वी ब्रेक सळ्यांनी आणि तारांनी ओढले जात. चारही चाकांना सारखा ओढा मिळणे कठीण. मग गाडी एका अंगाला खेचली जाई. चारही चाकांना द्रवाचे ब्रेक असलेली पहिली प्रवासी मोटार अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली आणली. द्रव पक्षपात करीत नाही; दाब सगळीकडे सारखाच पोहोचवतो.

आता थोडे गणित करू. चालकाने पेडलवर २० किलोग्रॅम भाराइतका जोर दिला. पेडल ही तरफच. तिने तो पाचपट, म्हणजे १०० किलोग्रॅम केला. (इंजिनाच्या निर्वातावर चालणारा मदतनीस आज बहुतेक गाड्यांत असतो. तो सध्या बाजूला ठेवू.) मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौ. सेंमी. धरले, तर द्रवातला दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे ३३ किलोग्रॅम होतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोनच्या आसपास असतो! चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १८ चौ. सेंमी. असेल, तर तेथे ६०० किलोग्रॅमचा रेटा मिळतो आणि पॅड फिरत्या तबकडीला आवळतात.

बळ वाढले, त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. चाकाजवळचा दट्ट्या अर्धा मिलिमीटर सरकायला ०.९ घ. सेंमी. द्रव लागतो, दोन चाकांना १.८ घ. सेंमी. त्यासाठी मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ६ मिमी. आणि पेडल ३ सेंमी. सरकते.

समजा, या द्रवात १ घ. सेंमी. हवा शिरली. बॉइलच्या नियमाप्रमाणे एवढ्या दाबाखाली तिचे आकारमान सुमारे १/३४ होईल. मोकळी झालेली जागा भरून काढायला पेडल आणखी दीड सेंमी. दाबावे लागेल. अशी चार-पाच घ. सेंमी. हवा असली तर पेडल सरळ तळाला टेकेल आणि चाके फिरतच राहतील. घरी पाहायचे असेल तर इंजेक्शनच्या दोन नव्या पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, सुया न लावता सलाइनच्या नळीने जोडा व पाण्याने भरा. आधी बुडबुडा काढून आणि मग मुद्दाम ठेवून दाबा. फरक अंगठ्यालाच कळेल.

सिलिंडरच्या वर द्रवाची टाकी असते आणि दोहोंमध्ये एक मिलिमीटरहूनही बारीक भोक. मला या यंत्रातला सर्वांत हुशार भाग हाच वाटतो. पाय उचललेला असताना भोक उघडे असते. तापून प्रसरण पावलेला द्रव त्यातून टाकीत परततो. पेडल दाबताच दट्ट्याचा रबरी कप भोकावरून पुढे सरकतो, वाट बंद होते आणि दाब चढू लागतो. कचऱ्याने हे भोक बुजले, किंवा पेडलला सुरुवातीची मोकळी चाल न ठेवल्यामुळे कप त्याच्यावरच बसून राहिला, तर ब्रेक सुटतच नाहीत. म्हणून टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यायचे.

आता सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन दट्टे असतात. एका बाजूची नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूची दोन चाके थांबवता येतात. अमेरिकेत ही दुहेरी व्यवस्था १९६८ पासून सक्तीची झाली.

पण द्रवच बिघडला तर? आपण त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल जातीचे रसायन असते. त्यात इंजिनाचे तेल ओतले तर रबरी कप फुगून निकामी होतात. शिवाय ते हवेतली वाफ शोषते. ‘डॉट ३’ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. पाणी मुरलेल्या द्रवासाठी हाच आकडा १४० आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना मोटार सुमारे ५०० मीटर खाली येते. प्रवाशांसह तिचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम धरले, तर जवळजवळ ४९ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने १६ लिटर पाणी उकळीला येईल! सारा भार ब्रेकवर टाकला तर यातली बहुतेक उष्णता तेथेच निघणार. जुना द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफही हवेसारखीच दबते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम भौतिकशास्त्राला धरूनच आहे. द्रव साधारणपणे दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बदलतात. बाटली फोडून महिनोन्‌महिने ठेवलेला द्रव वापरू नये.

सिलिंडरची परीक्षा पायानेच होते. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरा. बाहेर कोठेही गळती नसताना ते हळूहळू खाली जाऊ लागले, तर बहुधा आतला कप झिजून द्रव मागे निसटत असतो. पेडल स्पंजासारखे लागले, तर हवा शिरलेली. टाकीतली पातळी थोडी उतरली म्हणून मात्र लगेच द्रव ओतू नका. पॅड झिजतात तसे चाकांजवळचे दट्टे पुढे सरकून राहतात आणि तेवढा द्रव त्यांच्यामागे जातो. आधी पॅड पाहा, मग नळ्यांचे सांधे, आणि त्यानंतर बाटलीला हात लावा.