ले. पॅटिन्सन आणि त्यांच्यामागचे शिपाई

दरवर्षी १ जानेवारीला वर्धा जिल्ह्यातील बांधवही कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभास मानवंदना देण्यास जातात. त्या रणांगणावरील एक प्रसंग विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावा.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन यांची सुमारे ८०० जणांची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. सकाळी भीमेकाठी पेशव्यांची प्रचंड फौज दिसताच तिने कोरेगावचा आसरा घेतला. दिवसभर अन्नपाण्याविना लढाई चालली. तोफखान्याचे ले. चिझम पडले आणि एक तोफ अरबांनी घेतली. पलटणीचे अ‍ॅडज्युटंट ले. थॉमस पॅटिन्सन गोळी लागून पडले होते. तोफ गेल्याचे कळताच ते उठले आणि बंदूक नळीकडून धरून दस्त्याने वार करीत अरबांवर तुटून पडले. दुसऱ्या गोळीने ते कोसळले. पण शिपायांनी तोफ परत मिळविली. पुढे या जखमांनीच पॅटिन्सन वारले.

अधिकाऱ्याचे शौर्य इतिहासकारांनी नावानिशी नोंदविले. त्यांच्यामागे धावलेले शिपाई मात्र त्या वर्णनात निनावी राहिले. स्तंभावरील ४९ नावांत २२ महार सैनिकांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जाऊन या वीरांना अभिवादन केले. विद्यार्थ्यांनी ग्रंथ वाचावेत, तसाच तो स्तंभही वाचावा.