काशीतली मराठी वस्ती, जुन्या फोटोंतून : बालाजी घाट

काशीच्या जुन्या फोटोंवर सन लिहिलेला क्वचितच सापडतो. बालाजी घाटाच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. शेजारच्या पंचगंगा घाटावरच्या आलमगीर मशिदीला दोन उंच मिनार होते. बनारसी माणूस त्यांना 'माधोराय के धरहरे' म्हणे. त्यातला एक १९४८ मध्ये कोसळला, दुसरा पुढे धोक्याचा म्हणून उतरवला. दोन्ही मिनार उभे असले की फोटो १९४८ च्या आधीचा, हे बेलाशक सांगावं.

कधी कधी महिनाही कळतो. पंचगंगेवर उंच बांबू रोवलेले आणि त्यांच्या टोकांना टोपल्या लटकलेल्या दिसल्या, तर तो कार्तिक. त्या आकाशदीपांच्या टोपल्या. तिकडचा कार्तिक पौर्णिमान्त, म्हणजे आपली कोजागिरी झाली की सुरू होणारा आणि त्रिपुरी पौर्णिमेला संपणारा.

माणसं ओळखणं मात्र अवघड. १८६० च्या दशकात सॅम्युअल बोर्न काशीचे फोटो काढत होता, तेव्हा काचेवर कोलोडियन ओतून ती ओली असतानाच फोटो काढावा आणि धुवावा लागे. काच प्रकाशाला सेकंदच्या सेकंद उघडी राही. पाण्यात बुडी मारणारा, घागर उचलणारी, पायऱ्या चढणारा, सगळे धूसर होऊन जात किंवा साफ गायबच होत. ठसठशीत उतरे तो जागचा न हलणारा : बांबूच्या छत्रीखाली चौकीवर बसलेला घाटिया, म्हणजे घाटावरचा पंडा. म्हणून या फोटोंत घाट ओस वाटतात. ते खरं धरू नये. काचेवर धुरकट पट्टा दिसतो ना, तीच गर्दी.

आणि वस्तीचं खरं बिऱ्हाड तर घाटामागच्या गल्ल्यांत. त्या इतक्या अरुंद की दुपारीही ऊन तळाला पोचत नाही. तिपाईवरच्या त्या संथ कॅमेऱ्याला तिथे काय मिळणार? फोटो विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तरी मिनार आणि नदीच हवी होती. बालाजी घाट पेशव्यांनी बांधला, पुढे तो ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. जवळच जटार घाट, भोसले घाट. नावं मराठी, दगड मराठी पैशाचे, पण त्या घरांतलं स्वयंपाकघर वा ओसरी असल्या विक्रीच्या फोटोंत शोधू नये.

गल्ली सापडते ती दुसरीकडेच. बिहारमधल्या डुमरावहून मामांकडे सनई शिकायला आलेला एक मुलगा रियाजासाठी घाटावरच्या बालाजीच्या देवळात येई, वाटेत रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिकांच्या घरांवरून, त्यांचं गाणं कानात साठवत. तो पुढे सनईवादक उस्ताद बिस्मिल्ला खाँ झाला. गाण्याची गोडी त्या वाटेवर लागली, असं ते सांगत. घाटाच्या फोटोत देवळाची इमारत दिसली, तर ती वाट तिच्या पाठीमागून येते एवढं लक्षात ठेवावं.

पुढच्या आठवड्यात पंचगंगेपलीकडचा दुर्गाघाट.