पाण्याची ऊब

पौष महिन्यातील रात्र. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात कडाक्याची थंडी पडली आहे. घड करपले तर वर्षाचे कष्ट वाया जातील, म्हणून शेतकऱ्यांनी द्राक्षांच्या मळ्यांत शेकोट्या पेटविल्या आहेत. माणसे पांघरुणांत शिरली आहेत. गोठ्यातील गुरांच्या पाठीवर गोणपाट आहे. परंतु घरामागील हौदातल्या माशांनी काय करावे?

हा हौद साधा नाही. त्यातील पाणी एक लहानसा पंप शेजारच्या वाफ्यात चढवितो. वाफ्यात मातीऐवजी खडी असून तीत पालक, कोथिंबीर वाढत असते. खडीतून झिरपून पाणी पुन्हा हौदात येते. मासे आणि भाजी यांच्या या जोडशेतीस ‘ॲक्वापोनिक्स’ म्हणतात. माशांनी टाकलेला अमोनिया पाण्यात साठला, तर तो त्यांनाच विषारी ठरतो. खडीवर राहणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट हे रोपांचे अन्न होय. अशा रीतीने मासे, जीवाणू व रोपे एकमेकांच्या आधाराने जगतात.

थंडी या साखळीवरच घाव घालते. मासा हा शीतरक्ताचा प्राणी. पाण्याबरोबर त्याच्या शरीराचे तापमानही उतरते. चिलापी मासा मूळचा आफ्रिकेतील. त्याला 26 ते 30 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. पाणी 16 अंशांच्या खाली गेले, की त्याची भूक मंदावते. 10 अंशांच्या आसपास आले, की त्याचे प्राण धोक्यात येतात. जीवाणूही सुस्त होतात. अशा वेळी नेहमीइतके खाद्य टाकले, तर ते कुजून अमोनिया वाढतो. म्हणून थंडीत खाद्य कमी करणे, हा पहिला उपाय होय.

मग पाणी तापवावे, असे कोणासही वाटेल. पण थोडा हिशेब करून पाहावा. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापविण्यास 1 किलोकॅलरी उष्णता लागते. 500 लिटर पाणी 10 अंशांनी तापविण्यास 5,000 किलोकॅलरी, म्हणजे विजेची जवळजवळ 6 युनिटे लागतील. रात्रीतून ती ऊब निसटली, तर दुसऱ्या दिवशी तोच खर्च पुन्हा!

ही ऊब निसटते तरी कोठून? हौदाच्या उघड्या पृष्ठभागावरून व त्याच्या भिंतींतून ती जातेच. शिवाय वाफ्यातूनही जाते. बशीत ओतलेला चहा जसा लवकर निवतो, तसे खडीवर पसरलेले पाणी गार हवेत लवकर निवते.

यास्तव आधी ऊब राखावी. हौदाभोवती थर्मोकोलचे जाड तक्ते लावावेत. वर झाकण घालावे, पण हवेसाठी थोडी फट ठेवावी. रात्री वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरावा आणि पाणी चढविण्याच्या पाळ्या कमी कराव्यात. हौदात हवा सोडणारा पंप मात्र चालूच ठेवावा.

एवढे करूनही पाणी फार गार होत असेल, तर ठरावीक तापमानास आपोआप बंद होणारा, मत्स्यालयासाठी बनविलेला हीटर वडीलधाऱ्यांकडून बसवून घ्यावा. अंघोळीचे पाणी तापविण्याचा रॉड हौदात सोडू नये. त्याने विजेचा धक्का बसण्याचे भय असते. तांब्याच्या नळीतून हे पाणी खेळवू नये. तांब्याचा अंश माशांना विषारी असतो. पाणी एकदम तापवूही नये. अचानक झालेला बदल माशांना सोसत नाही.

सायप्रिनस, गोल्डफिश यांसारखे मासे गार पाण्यातही तग धरतात. म्हणून जेथे थंडी कडक असते, तेथे पाणी माशाजोगे करण्यापूर्वी पाण्याजोगा मासा निवडणे शहाणपणाचे असते. मग पहाटे तापमापीतील पारा थोडा उतरलेला दिसला, तरी झाकणाखाली मासे स्वस्थपणे पोहत असतात.