खळ्यातली फुगडी आणि आठवड्याची गोळी

भाद्रपदात रात्री आरती आटपते, भजनाची बुवामंडळी उसळ-पाव खाऊन पुढच्या घरी जाते, आणि मालवण-कुडाळकडच्या घरांत बायकांची वेळ सुरू होते. पदर खोचले जातात, हातात हात गुंफले जातात आणि फुगडी फिरू लागते. एकजण गाणं धरते, बाकीच्या झील ओढतात. दोन ओळींच्या मधे सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘फू’ असा श्वास सुटतो. तोच ताल आणि तीच दमाची मोजणी.

गाण्यांत सासू, नणंद, माहेर आणि मुंबईला गेलेला घोव तर असतातच. पण अलीकडच्या फुगड्यांत लेक वाचवणं, गावची स्वच्छता, दारू हेही विषय येऊ लागले आहेत. त्यांना प्रचारगीतं म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. पिढ्यान् पिढ्या पुरुष चाकरमानी झाले. घर, गुरं, शेत आणि आजारी माणूस बायकांच्या ओटीत आलं. इथे आरोग्याची गोष्ट आधी बायकांच्या कानी पडायला हवी.

लेप्टोचंच, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचंच घ्या. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून त्याचे जंतू पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, साध्या खरचटण्यातून अंगात शिरतात. लावणीत दिवसभर चिखलात वाकून तरवा लावणाऱ्या बाईच्या टाचेला भेग नाही असं सहसा होत नाही. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही सुरुवात. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं निकामी होतात, जीवही जातो. वेळेवर उपचार झाले तर रोग आटोक्यात येतो. म्हणून जोखमीच्या दिवसांत डॉक्सीसायक्लिनची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने. गरोदर बाईने ती आपल्या मनाने घ्यायची नाही. आता हे सगळं एका पत्रकावर छापलं, तर ते पत्रक पहिल्याच पावसात भिजून जाईल. फुगडीत घातलं तर ‘भेग’, ‘पोटरी’, ‘आठवडा’ हे शब्द झिलेबरोबर वीसदा तोंडात येतात.

जात्यावरच्या ओवीचंही तसंच. दळणाच्या लयीत बाई कुणाला तरी साद घालते, कधी सीतेला, कधी भावाला, कधी शेजारणीला, आणि मग आपलं म्हणणं सांगते. ही साद कुणालाही घालता येते, म्हणून प्रत्येक बाई ती ओवी आपल्या घरची करून घेते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बाळंतपण, आजारपण, उपास, कष्ट हे सगळं त्यांत आहे. औषधाचा प्रश्न मांडायला या बायकांना नवी भाषा शिकावी लागत नाही.

गाण्याची ही ताकद आरोग्याच्या कामाला जोडली गेली ती जामखेडला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. त्या गाणी आणि गोष्टींतून शिकल्या आणि शिकवत गेल्या. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार जगाने मान्य केला, त्यामागे जामखेडचाही अनुभव होता. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला महत्त्वाची वाटते ती साधी गोष्ट: कचेरीत रचलेलं गाणं कचेरीच्या बाहेर फारसं जात नाही, विहिरीवर रचलेलं घरोघर जातं.

आज सिंधुदुर्गात हे काम आशाताईंच्या खांद्यावर आहे. २०१६ पासून दोडामार्ग-बांदा भागात माकडतापाचीही भर पडली. हा रोग प्रथम १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. माणसाला तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. नाव मात्र माकडाचं. त्याचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे काजूच्या बागेत बायका बोंडं वेचतात तेव्हा. फुगडी भाद्रपदात. भाद्रपदात ऐकलेलं फाल्गुनापर्यंत टिकायला हवं. अंगभर कपडे, पायांना गोचीड दूर ठेवणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि अंगावर गोचीड शोधणं. चार कामं आहेत. काजू वेचताना गुणगुणायला चार ओळी पुरतात.