छावणीच्या मूळ कामांत नागरिकांचा वाटा

छावणीत, म्हणजे शहरालगतच्या कँटोन्मेंटमध्ये, नवी नाली बांधायची की शाळेच्या खोल्या वाढवायच्या, हे छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या सभागृहात ठरत नाही. 2006 च्या कँटोन्मेंट कायद्यानुसार हा निर्णय छावणी परिषदेचा. अध्यक्षपदी स्टेशन कमांडर असतात, तर दैनंदिन कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतात. दुसऱ्या श्रेणीच्या या परिषदेत कायद्याने सात लोकनियुक्त सदस्य आणि तितकेच पदसिद्ध व नियुक्त सदस्य ठरवून दिले आहेत.

अर्थसंकल्पातील पगार, सफाई, दिवाबत्ती हा महसुली खर्च. तो दरवर्षी करावाच लागतो. नवा जलकुंभ, दवाखान्याची इमारत, सांडपाण्याची वाहिनी हा भांडवली खर्च. सरकारी हिशेबात अशा कामांना मूळ कामे म्हणतात. ती एका वर्षात बांधली जातात आणि पुढे अनेक वर्षे वीजबिल, कर्मचारी व दुरुस्ती मागत राहतात. म्हणूनच भांडवली नियोजनाला निदान पाच वर्षांचा हिशेब लागतो, आणि एकेका वर्षाच्या अर्थसंकल्पात नेमका तोच हरवतो.

पैशाची बाजू तर मुळातच तोकडी आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि गुरुवारच्या आठवडी बाजारासारखे स्रोत मर्यादित. लष्कराच्या ताब्यातील मालमत्ता केंद्र सरकारची असल्याने तिच्यावर मालमत्ता कर बसत नाही, त्याऐवजी सेवाशुल्क मिळते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर देशभरातील कँटोन्मेंटची जकातही गेली. मोठे काम त्यामुळे बहुधा संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानावर अवलंबून राहते. केंद्रीय योजनांचा निधी घेण्यापुरती परिषद नगरपालिका मानली जाते, ही कायद्यातील तरतूद अशा वेळी मोलाची ठरते.

नागरिकांना बोलण्याच्या जागा कायद्याने ठेवल्या आहेत. परिषदेची सभा सर्वांसाठी खुली असते. ती बंद ठेवायची असेल तर अध्यक्षांना कारण लेखी नोंदवावे लागते. इतिवृत्त पाहण्याचा अधिकार रहिवाशांना आहे. नवा कर लावण्याआधी प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकतींसाठी तीस दिवस द्यावे लागतात. मात्र हा सगळा अधिकार निर्णय पुढे आल्यानंतरचा आहे. कोणते काम आधी घ्यावे, हे विचारणारी बैठक घेणे परिषदेला बंधनकारक नाही. लगतच्या खेड्यात ग्रामसभा आराखड्यावर बोलते; शहराला टेकून असलेल्या छावणीत तेवढीही सोय नसावी, ही गंभीर उणीव आहे.

लोकनियुक्त सदस्य हा त्यातला एकमेव थेट दुवा होता. देशातील कँटोन्मेंटच्या निवडणुका जानेवारी 2015 मध्ये झाल्या. मुदत दोनदा वाढवल्यावर फेब्रुवारी 2021 पासून तीन सदस्यांची परिषद आली: अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्राने नेमलेला एक नागरिक. 30 एप्रिल 2023 ला ठरलेली निवडणूक मार्चमध्येच रद्द झाली. अध्यक्ष आणि अधिकारी बदलीने येतात-जातात. पावसाळ्यात कोणत्या गल्लीत पाणी तुंबते, हे वॉर्डातल्या माणसाला ठाऊक असते. त्याची खुर्ची रिकामी राहिली की मूळ कामांचा क्रम कागदावरूनच लागतो.

पुणे महापालिकेने 2006 पासून वेगळी वाट धरली. तेथे नागरिक आपल्या भागातील छोटी कामे अर्ज करून सुचवतात, छाननीनंतर त्यांतील काही अर्थसंकल्पात येतात. या पद्धतीचा उगम ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये झाला. पुण्यात निधी आणि प्रतिसाद दोन्ही थोडेच राहिले, तरी पदपथ, बाक, दिवे यांची मागणी नोंदली जाते आणि नाकारल्यास जाब विचारता येतो. छावणीला हे करण्यासाठी नवा कायदा नको. अर्थसंकल्प मांडण्याआधी वॉर्डनिहाय सूचना मागवणे परिषदेच्या हातात आहे.

नागरी भाग महापालिकेत विलीन करण्याच्या केंद्राच्या धोरणामुळे हे काम तातडीचे झाले आहे. 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नागरी सुविधांसाठी उभारलेल्या मालमत्ता स्थानिक संस्थेला विनामूल्य द्यायच्या आहेत, देणीही तिच्याकडेच जातात. त्यासाठी कोणती वाहिनी कधी टाकली, कोणती इमारत किती जुनी, कोणते काम अर्धवट आहे, याची यादी लागेल. ती यादी रहिवाशांपुढे ठेवून पडताळली, तर महापालिकेच्या पहिल्या अर्थसंकल्पात छावणीची कामे मागताना तिचा आधार घेता येईल.