ताजमहाल, कूडर आणि बिननावाची गाणी

संगीताच्या ॲपवर 'ताजमहाल' असं टाइप केलं की आधी 1963 च्या चित्रपटातली रोशनची गाणी समोर येतात, मग झाकीर हुसेनची चहाची जाहिरात, मग पर्यटकांच्या खिशाकडे बघून वाजवलेली बासरी. बरंच खाली सरकल्यावर टोपीवाला, धिप्पाड, कृष्णवर्णीय म्हातारा सापडतो. हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स. जन्म 1942, न्यू यॉर्कचं हार्लेम. तरुणपणी त्याच्या स्वप्नात गांधी आणि भारत येऊ लागले, आणि गाण्यासाठी त्याने हे नाव घेतलं. शिकत होता पशुसंवर्धन. झाला ब्लूजचा गायक. आपल्या देशावरून नाव घेतलेल्या या माणसाची आपण मात्र कधी नीट विचारपूस केली नाही. 2025 मध्ये ग्रॅमीवाल्यांनी त्याला जीवनगौरव दिला. त्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत मला तरी दिसली नाही.

आता निमित्त आहे साठीचं. 'रायझिंग सन्स' या त्याच्या बँडची एकुलती एक छोटी तबकडी कोलंबिया कंपनीने 1966 मध्ये काढली. त्या बँडमध्ये गिटारवर होता राय कूडर, तेव्हा विशीही न गाठलेला. लॉस एंजेलिसच्या मेलरोज ॲव्हेन्यूवर 'ॲश ग्रोव्ह' नावाचा क्लब होता. दक्षिणेतले जुने ब्लूजवाले तिथे येऊन गात, आणि पुढे बसलेली शहरी पोरं त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत. या दोघांचं खरं शिक्षण तिथलं. कोलंबियाने बँडचं अख्ख्या अल्बमभर पुरेल एवढं काम ध्वनिमुद्रित केलं आणि कपाटात टाकलं. काळे-गोरे एकाच बँडमध्ये, गाणी निम्मी ब्लूज आणि निम्मी रॉक. हा माल कुठल्या फळीवर ठेवायचा हे विक्री विभागाला कळेना. बँड मोडला. 1968 च्या ताजमहालच्या पहिल्या अल्बमवर कूडर वाजवून गेला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ दोघांनी मिळून अल्बम केला नाही. केला तो थेट 2022 मध्ये, 'गेट ऑन बोर्ड'. तेव्हा ताजमहाल ऐंशीला टेकलेला, कूडर 75 वर्षांचा.

मधल्या सगळ्या वर्षांचा हिशोब मी देणार नाही. सत्तरच्या दशकात दोघांनी भरपूर चांगलं काम केलं. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ऐंशीचं दशक मी सरळ ओलांडतो. ताजमहाल हवाई बेटांवर राहायला गेला होता, कूडर चित्रपटांना संगीत देत होता. 'पॅरिस, टेक्सस'मधली त्याची गिटार सोडली तर त्या दहा वर्षांतलं मला पुन्हा लावावंसं वाटतं असं थोडंच.

नव्वदचं दशक मात्र आमचं. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं आणि फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याचा पगाराचा काही भाग तिथेच जमा व्हायचा. त्या दशकाची सुरुवातच जुन्या माणसांनी केली. 1990 मध्ये ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं सगळं ध्वनिमुद्रण एकत्र निघालं. माणूस मरून 52 वर्षं झाली होती आणि खप असा की कंपनीच चकित. 1992 मध्ये कोलंबियाने कपाट उघडलं आणि रायझिंग सन्सचा तो रखडलेला ऐवज 26 वर्षांनी बाहेर काढला. त्याच वर्षी बॉब डिलनने एकट्याच्या गिटारवर जुनी लोकगीतं गायली. त्या अल्बममध्ये श्रेय नीट दिलं नाही म्हणून टीका झाली. पुढच्याच वर्षीच्या 'वर्ल्ड गॉन राँग'मध्ये त्याने स्वतः टिपण लिहून कुठलं गाणं कुणाकडून घेतलं ते सांगून टाकलं. माझ्या मते डिलनने गद्यात लिहिलेलं सगळ्यात प्रामाणिक पान ते.

आमच्याकडे मात्र हवा होती एरिक क्लॅप्टनच्या 'अनप्लग्ड'ची. 1992 चाच अल्बम, ग्रॅमींचा पाऊस, आणि वांद्र्यापासून कोथरूडपर्यंत प्रत्येक गिटारवाल्या पोराच्या बोटांत तेच तुकडे. क्लॅप्टनने आपली दैवतं कधी लपवली नाहीत, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्यापाशीच थांबलेल्यांशी. 'ब्लूज ऐकतो' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांना बिग बिल ब्रून्झी कोण ते विचारलं की ते बिअर मागवायचे. ही मंडळी पुढे कंपन्यांमध्ये मोठ्या पदांवर गेली आणि आता महोत्सवांत पुढच्या रांगेत बसतात.

आणि मग 'ए मीटिंग बाय द रिव्हर'. कूडर आणि जयपूरचे विश्वमोहन भट्ट, सांता बार्बरातल्या एका प्रार्थनागृहात, 1992 मध्ये. ओळख होऊन तासही उलटला नसेल नि ध्वनिमुद्रण सुरू. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि दुम्बेक या पश्चिम आशियाई तालवाद्यावर कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा योआखिम. 1994 मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे गाजलं ते 'भारतीयाला ग्रॅमी' एवढंच. सोबतचा तो 'कुणी अमेरिकन गिटारवाला'. हा अल्बम मी ज्याला त्याला ऐकवत सुटलो होतो. ब्रिजभूषण काब्रांची आडवी गिटार आणि त्याआधीच्या पिढीला व्हॅन शिपलीच्या फिल्मी धुना माहीत असलेल्या कानांना तो परका वाटण्याचं कारणच नव्हतं. तारेवर सरकपट्टी फिरवून सूर ओढण्याची ती युक्ती हवाईतून आपल्याकडे आली आणि अमेरिकेतही गेली. 1995 मध्ये ताजमहालनेही भट्ट आणि चित्रवीणावाले एन. रविकिरण यांच्याबरोबर 'मुमताज महल' केला. तो कमी गाजला. मला मात्र तो आजही जास्त मोकळा वाटतो, कारण त्यात ब्लूजचा माणूस ब्लूजच गातो. उगाच राग आळवायला जात नाही.

पण 'वर्ल्ड म्युझिक' नावाची गोणी आधीच शिवलेली होती आणि याच दशकाने सगळ्यांना तिच्यात कोंबलं. 1997 चा 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' घ्या. कूडरने हवानात वृद्ध वादकांचं ध्वनिमुद्रण केलं, जगभर अल्बम खपला, आणि क्यूबावरच्या निर्बंधांचा भंग केला म्हणून अमेरिकी सरकारने त्याला दंडही केला. त्यानंतर दुकानात येणारे लोक 'ते क्यूबावालं द्या' म्हणायचे. इब्राहिम फेरेर, रुबेन गोन्झालेस, कॉम्पाय सेगुंदो ही नावं मुखपृष्ठाच्या आत नीट छापलेली होती. निदान छापलेली तरी होती. ज्याला हवं त्याने वाचावीत.

हे आज जास्त झोंबतं, कारण आता वाचायलाच काही उरलेलं नाही. ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं. ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि मग ईडीने जप्त केली, यापरता त्या काळाचा मृत्युलेख कुणी लिहू शकला नसता. ॲपवर आता ब्लूज मिळतो तो 'पावसाळी संध्याकाळ', 'कॉफी आणि कंटाळा' अशा याद्यांमध्ये. गिटार कुणाची, माउथ ऑर्गन कुणाचा, गाणं मुळात कुणाचं, काही पत्ता नाही. आपल्याकडे गवई उस्तादाचं नाव घेताना कानाची पाळी धरतो. ॲपवाल्यांना कानाशी देणंघेणं आहे, पाळीशी नाही.

म्हणून 'गेट ऑन बोर्ड'चं मला एवढं अप्रूप. शीर्षकातच कर्ज कबूल केलेलं आहे: सॉनी टेरी आणि ब्राउनी मॅगी यांची गाणी. 1952 मध्ये याच नावाची त्यांची तबकडी फोकवेज कंपनीने काढली होती. सॉनी आंधळा, जॉर्जियाचा. ब्राउनी पोलिओने लंगडा, टेनेसीचा. ब्राउनीला तर कंपनीने सुरुवातीला 'ब्लाइंड बॉय फुलर क्रमांक 2' या नावाने विकलं होतं, कारण मूळ फुलर 1941 मध्ये वारला आणि नाव अजून खपत होतं. माणसाला त्याचं स्वतःचं नावही न देणारा हा धंदा ॲपवाल्यांनी शोधलेला नाही.

नव्या अल्बममध्ये ताजमहाल माउथ ऑर्गन वाजवतो आणि कूडर गिटार, मँडोलिन, बँजो. ड्रम आणि बासवर योआखिम, तोच दुम्बेकवाला पोरगा, आता चाळिशी ओलांडलेला. अकरा गाणी, आणि सगळी दिवाणखान्यात बसून वाजवल्यासारखी. सॉनीची खुबी अशी की माउथ ऑर्गन एका पट्टीचा आणि गाणं दुसऱ्या पट्टीत. सूर आत ओढलेल्या श्वासावर वाकवायचे आणि मध्येच तोंडाने हुंकार टाकायचा. ऐंशीच्या उंबऱ्यावरच्या फुप्फुसांना हे जड जातं, आणि ते ऐकू येतं. ताजमहालचा आवाज खरखरीत, कधी गाण्याच्या आधी पोचतो, कधी नंतर. 'पॉन शॉप ब्लूज'मध्ये गहाण टाकायला काहीच न उरलेला माणूस असा गातो की तरुण गळ्याने तो प्रयत्न करूच नये. 'पिक अ बेल ऑफ कॉटन' मात्र मला खटकतं. कापूस वेचणाऱ्या गुलामांच्या आणि कैद्यांच्या घामातून आलेलं गाणं इतक्या हसतखेळत वाजवावं का? दोघांनाही तो इतिहास माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, तरीही खटकतं. 'मिडनाइट स्पेशल' इतक्यांनी गायलंय की त्यात नवं काही निघत नाही, इथेही निघालेलं नाही. 2023 मध्ये पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी या अल्बमला मिळालं. ठीक.

आणखी एक गोष्ट अल्बममध्ये कुठे सांगितलेली नाही. सॉनी आणि ब्राउनी चाळीसेक वर्षं एकत्र गायले, पण शेवटच्या काळात त्यांचं इतकं बिनसलं की एकाच मंचावर बसून एकमेकांशी बोलत नसत. सॉनी 1986 मध्ये गेला, ब्राउनी 1996 मध्ये. त्यांचे हे दोन शागीर्द बरोबर उलट वागले: तरुणपणी फुटले आणि म्हातारपणी एकत्र बसले. बँड मोडायला कंपनी कारणीभूत होती की दोघांचे अहंकार, यावर दोघांच्या चाहत्यांची अजून वादावादी चालते. माझा कौल कंपनीच्या विरोधात.

ऐकायचंच असेल तर आधी 2022 चा अल्बम ऐका आणि मगच 1952 ची तबकडी. क्रम उलटा केलात तर म्हाताऱ्यांवर अन्याय होईल, कारण सॉनीसमोर कुणीच टिकत नाही. ती जुनी तबकडी आजही मिळते. फोकवेजचे मोझेस ॲश यांनी काढलेलं काहीही बाद करायचं नाही, या अटीवर 1987 मध्ये स्मिथसोनियन संस्थेने तो सगळा साठा घेतला, आणि सोबतची माहितीपुस्तिकाही जपून ठेवली आहे. ती वाचा. कोण काय वाजवतंय ते त्यात लिहिलेलं असतं.